नागपूरहून शेजारच्या राज्यात शिकायला जायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परराज्यात शिकायला पाठवावं का, पाठवलं तर फी किती वाढेल, उद्या परत आल्यावर काही अडेल का, हे प्रश्न बारावीच्या निकालानंतर नागपुरात घरोघरी निघतात. सतत कानावर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचायचीच.

पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा नागपूरच्या मुलांसाठी हा विषय वेगळा का?

नकाशा उघडून पाहा. छिंदवाडा सव्वाशे किलोमीटर, सिवनीही जवळपास तेवढंच. रायपूर तीनशेच्या आत, भोपाळ साडेतीनशे, हैदराबाद पाचशे. पुणे मात्र सातशे किलोमीटर. राज्याच्या कोट्यातली सवलतीची जागा आपल्या मुलाला सातशे किलोमीटरवर मिळू शकते आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या सरकारी कॉलेजात तोच मुलगा 'बाहेरचा' ठरतो.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ते साऱ्या मध्य प्रांताचं विद्यापीठ होतं. जबलपूर-रायपूरकडची पोरं पदवीसाठी याच विद्यापीठाकडे बघायची. सागर विद्यापीठ उभं करणारे डॉ. हरिसिंह गौर हे आधी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि शिक्षणाची सरहद्दही नव्याने आखली गेली. नाती, बाजारपेठ, इलाज मात्र तसेच राहिले. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचे पेशंट आजही नागपूरच्या मेडिकलमध्येच येतात आणि त्यांना कुणी अधिवास विचारत नाही.

परराज्यातल्या विद्यार्थ्याला फी जास्त का? शिक्षण तर तेच आहे.

सरकारी कॉलेजचा बराचसा खर्च त्या राज्याच्या तिजोरीतून होतो. आमच्या लोकांच्या करातून चालणारी जागा आधी आमच्या मुलांना, असं प्रत्येक राज्य म्हणतं. हा वाद जुना आहे. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात तेव्हाच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी जादा रक्कम, घेतली जायची. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने तिला आव्हान दिलं. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेने जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई केली आहे, रहिवास ही वेगळी गोष्ट आहे, म्हणून अशी जादा फी चालेल. पुढे वैद्यकीय प्रवेशांबाबत न्यायालयाने राज्यांना बरीच मर्यादा घातली, पण 'आधी आमचे' हे तत्त्व आजही टिकून आहे.

राज्याराज्यांतलं सहकार्य म्हणजे या तत्त्वाला दोघांनी मिळून घातलेली मुरड. तुमच्या इतक्या मुलांना आम्ही आमच्या दराने घेतो, आमच्या इतक्यांना तुम्ही घ्या. किंवा आमच्याकडे अमुक कॉलेज नाही, तुमच्याकडे आहे, तर आमच्या मुलांचा वाटा आम्ही तुम्हाला भरून देतो. यामुळे दोन फायदे होतात. मुलाला जवळची जागा परवडते आणि प्रत्येक राज्याला सगळ्याच विषयांची महागडी कॉलेजं उभारावी लागत नाहीत.

आपल्याकडे असं सहकार्य आहे तरी का?

आहे, आणि त्याचा उत्तम नमुना अंबाझरीच्या बाजूलाच उभा आहे. आजचं व्हीएनआयटी १९६० मध्ये रीजनल इंजिनीअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं. केंद्र आणि राज्य दोघांनी मिळून चालवायचं आणि निम्म्या जागा त्या राज्याच्या, निम्म्या देशातल्या बाकी राज्यांच्या मुलांना द्यायच्या, अशी ती योजना होती. बजाजनगर, लक्ष्मीनगरच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'व्हीआरसीई' हेच नाव आहे. २००२ मध्ये त्याचं एनआयटी, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, झालं, पण निम्म्या-निम्म्याची वाटणी कायम राहिली.

या वाटणीचं मोल आपण फारसं बोलून दाखवत नाही. व्हीएनआयटीत बिहार-आंध्रची मुलं दिसतात ती या सूत्रामुळे, आणि याच सूत्राने नागपूरची मुलं वारंगल, भोपाळ, रायपूरला पोचतात. साठ वर्षांहून जास्त काळ ते विनाबोभाट चाललं आहे. दोन राज्यांमध्ये जागांची देवाणघेवाण होऊच शकत नाही, असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण सांगावं.

एनआयटीत परराज्यात गेलं तर फी वाढते का?

नाही. शिकवणी फी गृहराज्याच्या आणि बाहेरच्या मुलाला सारखीच असते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखापेक्षा कमी असेल तर पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. पैसे लागतात ते हॉस्टेल-मेसला, आणि ते तर पुण्यालाही लागतातच. नागपूरच्या मुलाच्या यादीत व्हीएनआयटीसोबत रायपूर, भोपाळ आणि वारंगल ही तीन नावं असायलाच हवीत. कटऑफ 'होम स्टेट' आणि 'अदर स्टेट' अशी वेगवेगळी लागते. दोन्ही रकाने पाहून पसंतीक्रम भरावा.

अकरावी-बारावी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला केली तर काही बिघडतं का?

बिघडतं, आणि हे फार उशिरा कळतं. एनआयटीसाठी तुमचं गृहराज्य ठरतं ते बारावी जिथून पास झाली त्यावरून. आधार कार्ड नागपूरचं, घर मानेवाड्यात, सात पिढ्या विदर्भात, पण बारावी राजस्थानातल्या शाळेतून, तर तो मुलगा व्हीएनआयटीसाठी 'अदर स्टेट' होतो आणि जयपूरच्या एनआयटीसाठी 'होम स्टेट'. हैदराबादहून बारावी केली तर त्याचं गृहराज्य तेलंगणा.

मेडिकलला फटका याहून मोठा बसतो. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर अधिवास प्रमाणपत्र लागतं. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, बाकीच्यांसाठी नाहीत. क्लासवाले प्रवेश देताना हे सांगतीलच याचा भरवसा धरू नये. क्लास कोटा शहरातला लावायचाच असेल तर बारावीचं नाव महाराष्ट्रातल्या कोणत्या कॉलेजात राहणार आणि तिथली हजेरी कशी भरणार, हे पहिला हप्ता भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

एमबीबीएससाठी शेजारच्या राज्यात काय वाट आहे?

दोन वाटा. पहिली, १५ टक्के अखिल भारतीय कोटा. प्रत्येक राज्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एवढ्या जागा देशभरातल्या मुलांना खुल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या दशकातल्या निकालांमधून हा कोटा आला. या जागांना राज्याचा अधिवास लागत नाही.

दुसरी वाट एम्सची, आणि त्यात नागपूर नशीबवान आहे. एम्स इथे मिहानमध्ये आहे, रायपूरला आहे, भोपाळला आहे आणि हैदराबादजवळ बीबीनगरलाही आहे. चारही ठिकाणी प्रवेश अखिल भारतीय आणि फी नाममात्र.

पदव्युत्तरच्या बाबतीत मोठा बदल झाला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर जागांमधलं अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं.

बीए, बीएस्सी, एमएला बाहेर जाण्यात काही अर्थ आहे का?

केंद्रीय विद्यापीठात असेल तर नक्कीच. हैदराबाद विद्यापीठ, सागरचं डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ, बिलासपूरचं गुरु घासीदास, अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ, सगळी आपल्या टप्प्यात आहेत. फी माफक, राज्याचा भेद नाही. २०२२ पासून पदवीसाठी सीयूईटी ही एकच सामायिक प्रवेश परीक्षा आहे. विदर्भातली हुशार मुलं इंजिनीअरिंग-मेडिकलच्या रांगेत उभी राहतात आणि या विद्यापीठांचे फॉर्म भरतच नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं. इतिहास, भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र यांची गोडी असलेल्या मुलाला अमरकंटक किंवा हैदराबाद जे देईल ते इथे मिळणं अवघड आहे.

आमचं जात प्रमाणपत्र परराज्यात चालतं का?

केंद्रीय संस्थेत केंद्राच्या यादीप्रमाणे चालतं. दुसऱ्या राज्याच्या कॉलेजात त्या राज्याचं आरक्षण मिळत नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा एक विद्यार्थी मुंबईच्या मेडिकल कॉलेजात आरक्षण मागत होता, ते नाकारलं गेलं. जातीचं मागासलेपण त्या-त्या राज्याच्या संदर्भात ठरतं, असा त्यामागचा विचार.

गोंड समाज महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा चारही राज्यांत आहे आणि चारही ठिकाणी अनुसूचित जमातीत आहे. तरीही चंद्रपूरच्या गोंड मुलीला तेलंगणातल्या आदिलाबादच्या राज्य सरकारी कॉलेजात राखीव जागा मिळत नाही. राज्यांनी एकत्र बसून सोडवावा असा एक प्रश्न निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

शिष्यवृत्ती बंद होते का?

अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकतानाही मिळते, आणि ती विद्यार्थ्याच्या मूळ राज्याने द्यायची असते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. म्हणजे रायपूरला शिकणाऱ्या नागपूरच्या मुलाची जबाबदारी महाराष्ट्राची. राज्याच्या सीमेपलीकडे जाणारा हा दुर्मीळ पैसा आहे आणि अनेकजण तो सोडून देतात, कारण महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर बाहेरचं कॉलेज सापडत नाही आणि 'आपल्याला मिळत नसेल' असं समजून गप्प बसतात. गप्प बसू नका. दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण कार्यालय आहे. तिथे बोनाफाईड, फीची पावती आणि प्रवेशपत्र घेऊन जा, अर्ज करा आणि पोच घ्या.

मुलीला बाहेर पाठवताना वेगळं काय पाहायचं?

इथे हिशेब पक्का करा. २०२४-२५ पासून महाराष्ट्राने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही माफी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत, कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झालेल्या प्रवेशाला आहे. रायपूर-भोपाळच्या कॉलेजात ती सोबत येत नाही. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजनाही राज्यापुरतीच आहे.

म्हणून मुलीच्या बाबतीत पुण्याचं दूरचं कॉलेज बऱ्याचदा जवळच्या परराज्यातल्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडतं. फक्त अंतरावर निर्णय घेऊ नका. चार वर्षांची फी, खोली, मेस आणि दिवाळी-उन्हाळ्याचं रेल्वेभाडं कागदावर मांडून मगच ठरवा.

कर्जाचं काय?

पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. दर्जेदार संस्थांच्या यादीतल्या कॉलेजला प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत नसाल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. कॉलेज कोणत्या राज्यात आहे याने फरक पडत नाही, संस्था यादीत असायला हवी.

दुसऱ्या देशांत राज्यं एकमेकांना कशी मदत करतात?

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेचं. तिथेही उच्च शिक्षण मुख्यतः राज्यांच्या हातात आहे आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठातली फी कितीतरी पट लागते. यावर तिथल्या राज्यांनी आपसात करार केले. दक्षिणेकडच्या राज्यांचं मंडळ १९४८ मध्ये स्थापन झालं, आज त्यात १६ राज्यं आहेत. पश्चिमेकडचा आयोग १९५० च्या दशकात आला, न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांचं मंडळ १९५५ मध्ये, आणि मध्य-पश्चिमेचा करार १९९१ मध्ये.

पश्चिमेकडच्या योजनेत ठरलेलं सूत्र साधं आहे. सहभागी सरकारी विद्यापीठाने करारातल्या दुसऱ्या राज्याच्या मुलाकडून स्थानिक फीच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. मध्य-पश्चिमेनेही तीच दीडपटीची मर्यादा ठेवली. दक्षिणेत नियम वेगळा आहे: तुमच्या राज्यात शिकवलाच जात नाही असा एखादा अभ्यासक्रम शेजारच्या राज्यात असेल, तर तिथे तुम्हाला स्थानिक दराने प्रवेश. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या शेजाऱ्यांनी तर दोघांपुरता स्वतंत्र फीकरार केला आहे.

विदर्भाच्या दृष्टीने मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती मेडिकलची व्यवस्था. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलशी वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो ही राज्यं जोडलेली आहेत. लोकवस्ती विरळ, अंतरं प्रचंड, प्रत्येकाने स्वतःचं मोठं मेडिकल कॉलेज काढणं न झेपणारं. म्हणून चौघांनी तिथे जागा राखून घेतल्या आणि आपल्या मुलांसाठीचा पैसा भरायचं ठरवलं. अलास्काचा विद्यार्थी सुरुवातीचा अभ्यास आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात करतो आणि पुढचं रुग्णांमधलं प्रशिक्षण पाचही राज्यांतल्या दवाखान्यांत फिरून घेतो. लहान गावातल्या दवाखान्यात तो शिकाऊ डॉक्टर म्हणून राहिलेला असतो, म्हणून तिथे काम करणं त्याला परकं वाटत नाही. गडचिरोलीतल्या भामरागड-सिरोंचाला डॉक्टर टिकत नाहीत असं आपण दरवर्षी बोलतो, त्याच्याशी याचा थेट संबंध आहे.

तिथे सगळं सुरळीत आहे का?

नाही. विद्यापीठं किती जागा द्यायच्या ते स्वतः ठरवतात. मागणी असलेले अभ्यासक्रम अनेकदा सवलतीतून वगळतात. काही राज्यं दक्षिणेच्या योजनेत नाहीत. घरभाडं, जेवण, प्रवास यात करार मदत करत नाही, त्यामुळे अगदी गरीब घरातल्या मुलाला फीची सवलत पुरत नाही. तरीही दीडपट आणि तिप्पट यांत अनेक घरांचा निर्णय बदलतो.

मग महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश असा करार का करत नाहीत?

कायद्याची अडचण नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे, राज्यं आपसात ठरवू शकतात. महाराष्ट्राने एकतर्फी असं केलेलंही आहे: कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठीभाषक मुलांना आपल्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी पात्रता दिली. मनात आणलं तर सीमेपलीकडच्या मुलाला 'आपला' मानता येतं.

अडचण आहे ती एकत्र बसण्याची. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा केल्या. त्यात महाराष्ट्र पश्चिम परिषदेत गुजरात-गोव्याबरोबर, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्य परिषदेत, तेलंगणा दक्षिण परिषदेत. नागपूरचे तिन्ही शेजारी दुसऱ्याच टेबलावर बसतात. मुंबईच्या दृष्टीने शेजारी म्हणजे गुजरात, त्यामुळे आपला विषय निघतच नाही. त्याच कायद्यात दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची सोय आहे, हे आपल्या आमदार-खासदारांना सांगायला हवं.

आणि या दोन राज्यांना वाटून घेणं जमत नाही असंही नाही. नागपूरचं पिण्याचं पाणी पेंचमधून येतं. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचं पाणी आणि वीज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश कराराने वाटून घेतात. धरणासाठी जे जमलं ते छिंदवाड्याच्या मेडिकल कॉलेजातल्या आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या थोड्या जागांसाठी का जमू नये? सुरुवात लहान हवी: सीमेवरचे जिल्हे, मोजके अभ्यासक्रम, दोन्हीकडून सारख्या जागा, स्थानिक दराने फी.

सीमेवरच्या गावांतल्या मुलांनी काय करावं?

सिरोंच्याच्या मुलाला गडचिरोली दोनशे किलोमीटर आणि तेलंगणा नदीपलीकडे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा आहे. तिथे मराठी आणि तेलुगू दोन्ही शाळा आहेत. अशा मुलांनी पहिलीपासून दहावीपर्यंत शाळा कोणत्या राज्याच्या मंडळाची आहे याकडे लक्ष ठेवावं. मधेच राज्य बदललं तर अधिवासाची साखळी तुटते आणि दोन्हीकडे तो मुलगा बाहेरचा ठरण्याची भीती असते.

अर्धं शिक्षण इथे आणि अर्धं तिथे, असं करता येतं का?

तत्त्वतः हो. २०२१ मध्ये आलेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) जमा राहतात आणि दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेत वापरता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे क्रेडिट घ्यावे लागतात. डिजिलॉकरमधून खातं उघडून ठेवा. पण ज्या विद्यापीठात जायचं आहे ते कोणते विषय धरणार, हे जाण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर सेमिस्टर सोडू नये.

निघण्याआधी कोणते कागद हाताशी हवेत?

टीसीच्या दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा, मूळ टीसी कॉलेज ठेवून घेतं. मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयातून निघतं. अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचे दाखले सेतू केंद्रातून एप्रिलमध्येच काढा, जूनमध्ये रांग दारापर्यंत जाते. ओबीसी मुलांनी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढायचं असतं, राज्याचं तिथे चालत नाही. आणि पदवी बाहेरून घेऊन पुढे नागपूर विद्यापीठात एमए-एमएस्सीला यायचं असेल तर तिकडून येतानाही मायग्रेशन आणा, इथल्या पात्रता विभागात ते लागतंच.